ग्रामसभेला सगळ्यांना येता यावं म्हणून: बाजारातल्या साहित्याची पारख

ग्रामपंचायत दिव्यांगांसाठी काही घ्यायचं म्हणते तेव्हा पहिलं नाव रॅम्पचंच निघतं. दरपत्रकं मागवली जातात, घडीचा अॅल्युमिनियमचा रॅम्प येतो, दारात फोटो निघतो. पुढच्या ग्रामसभेत मात्र चाकाच्या खुर्चीवरचा माणूस मंडपाच्या कडेलाच असतो. कमी ऐकू येणारी आजी भोंग्याकडे नुसती बघत बसते, आणि ‘हात वर करा’ म्हटल्यावर किती हात वर झाले हे अंध तरुणाला शेजाऱ्याला विचारावं लागतं. म्हणून इथे प्रत्येक वस्तू एकाच कसोटीला लावली आहे: तिच्यामुळे माणूस सभेत पोचतो का, त्याला ऐकू येतं का, तो बोलू शकतो का आणि त्याचं बोलणं इतिवृत्तात उतरतं का. सगळ्यात महाग वस्तू या कसोटीला उतरतेच असं नाही.

कायदा थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, आणि त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीसारखे ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात केंद्राला सांगितलं. ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती. गणपूर्तीसाठी माणसं कमी पडतात ही सगळीकडची तक्रार आहे. जे घरातून निघूच शकत नाहीत तेही याच मतदारांत मोजलेले असतात.

आता हवामान. ठरलेल्या सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या. जळगाव-भुसावळकडचं मे महिन्याचं ऊन आणि ऑगस्टमधली काळ्या मातीची रेंद या दोन गोष्टी धरल्याशिवाय खान्देशात कोणतंही साहित्य घेऊ नका. कंपनीच्या माहितीपत्रकातला रॅम्प नेहमी स्वच्छ फरशीवर ठेवलेला असतो.

रॅम्पपासूनच सुरुवात करू. सुरक्षित उतार १ ला १२, म्हणजे १ सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर लांबी. एक पायरी साधारण १५ सेंटिमीटरची. तेव्हा एका पायरीला १८० सेंटिमीटर म्हणजे ६ फूट, दोन पायऱ्यांना १२ फूट, तीन पायऱ्यांना १८ फूट लागतात. बाजारात सहज मिळणारा घडीचा रॅम्प ६ फुटांच्या आसपास असतो. तोच तीन पायऱ्यांच्या ओट्याला लावला की उतार १ ला ४ होतो. माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो धरले, तर १ ला १२ वर ढकलणाऱ्याला साधारण ८ किलोचा जोर लावावा लागतो आणि १ ला ४ वर २४ किलोचा. चढताना खुर्ची मागे उलटते, उतरताना बसलेला माणूस पुढे फेकला जातो. अशा ठिकाणी ‘रॅम्प आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘रॅम्प नाही’ लिहिलेलं बरं. निदान कोणी विसंबून येणार नाही.

उंची मोजताना पायऱ्या मोजून गुणाकार करू नका. ओट्यापुढची जमीन बहुतेक वेळा गटाराकडे उतरती असते, त्यामुळे रॅम्प जिथे टेकणार तिथून मोजलेली उंची जास्त भरते. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन एक टोक ओट्यावर आणि दुसरं रॅम्प सुरू होईल त्या जागी धरा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळेच चुकीच्या मापाची खरेदी होते.

रॅम्पचे दोन प्रकार मिळतात: सुटे दोन पट्टे आणि अखंड पत्रा. पट्ट्यांचा स्वस्त पडतो, वाहून न्यायला हलका असतो, पण गावात तो कामाचा नाही. शिबिरांतून मिळालेल्या हाताच्या तीनचाकी सायकली आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांचं पुढचं चाक मधोमध येतं, म्हणजे नेमकं दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत. अखंड पत्र्याची रुंदी बऱ्याचदा पाऊण मीटरच्या आसपासच असते. त्यावर चाकाची खुर्ची जाते, पण तीनचाकी जाईलच असं नाही. गावातली सगळ्यात रुंद तीनचाकी टेपने मोजा आणि ते माप दरपत्रकात लिहा. वजनाची क्षमता बघताना माणूस, गाडी आणि मागून ढकलणारा असं तिघांचं वजन धरा. बॅटरीची गाडी असेल तर आणखी जास्त.

वापरताना काय बिघडतं ते आधीच माहीत असू द्या. वरची कड ओट्याला पिनेने किंवा साखळीने अडकवली नाही, तर चढताना लागलेल्या जोराने रॅम्प मागे सरकतो. खालची कड काळ्या मातीत रुतते, तेव्हा तिच्याखाली प्लायवूडचा तुकडा टाका. दोन्ही कडांना एखाद्या सेंटिमीटरचीही उठाण राहिली, तर खुर्चीची पुढची लहान चाकं तिथेच अडतात. आणि उन्हाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पोलिओमुळे हातांवर सरकत येणारी माणसं आपल्या गावांत आहेत. १ मे रोजी अकरा वाजता तापलेल्या पत्र्यावर तळहात टेकवता येत नाहीत. ओलं गोणपाट टाकलं तर चाक घसरतं. म्हणून रॅम्पवर मंडपाची सावली आलीच पाहिजे, नुसती व्यासपीठावर नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: घडीचा रॅम्प एका पायरीपुरताच घ्यावा. जास्त उंचीला गवंड्याकडून पक्का बांधून घ्या. रुंदी १२० सेंटिमीटर, वर आणि खाली दीड मीटरची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वरचं काँक्रीट ओलं असताना खराट्याने आडव्या रेषा ओढलेल्या. गुळगुळीत फरशी कोणी आग्रह केला तरी बसवू नका. पक्का रॅम्प झाला की तिथे मोटारसायकली लागतात, त्यासाठी खालच्या सपाट जागेवर पिवळा रंग आणि शिपायाला स्पष्ट सूचना, दोन्ही हवं. आणि यातलं काहीच जमत नसेल तर सभा ओट्यावरून खाली आणा. शाळेच्या सपाट अंगणात, व्यासपीठ न मांडता, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) लोकांच्या पातळीवर खुर्च्या टाकून बसले, तर रॅम्पचा प्रश्नच उरत नाही. १५ ऑगस्टला चिखल असेल तर फाटकापासून बसायच्या जागेपर्यंत मुरूम टाका किंवा प्लायचे ८ बाय ४ फुटी तक्ते एकाला एक भिडवून अंथरा. मंडपवाल्याकडे ते भाड्याने मिळतात. तक्त्यांवर कार्पेट टाकू नका, त्याची सुटलेली कड काठीत आणि कुबडीत अडकते.

रॅम्पची मोजकी गरज संपली की खरा खर्च आवाजावर करायचा. ज्येष्ठ मंडळींत ऐकू कमी येणारे खूप असतात, आणि त्यांच्यापैकी बरेच जण स्वतःला दिव्यांग म्हणवत नाहीत. ते सभेला येतात, शेवटपर्यंत बसतात आणि काही न कळता घरी जातात.

भोंगा हा प्रकार लांबवर हाक पोचवायला चांगला. दवंडीला तो हवाच. सभेला मात्र नको, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, थ, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘आवाज येस, पन शब्द समजत नही.’ भोंगा नेमक्या याच वरच्या पट्ट्या नीट पोचवत नाही, त्यामुळे तो मोठा केला की कर्कश होतो पण स्पष्ट होत नाही. त्यापेक्षा ट्रॉलीचे बॅटरीवर चालणारे दोन मध्यम स्पीकर घ्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून एकच मोठा स्पीकर पुढच्यांचे कान फोडतो आणि मागच्यांना पुरत नाही. एक स्पीकर पुढे ठेवा, दुसरा गर्दीच्या निम्म्यावर कडेला, दोन्ही बसलेल्यांच्या डोक्याच्या किंचित वर.

शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा स्पीकर माइकच्या मागे ठेवल्यामुळे. स्पीकर नेहमी बोलणाऱ्याच्या पुढे आणि तोंड लोकांकडे. माइक ओठांपासून चार बोटांवर. लांब धरला की चालवणारा आवाज वाढवतो आणि पुन्हा शिट्टी सुरू होते. पत्र्याच्या सभागृहात घुमत असेल तर मागच्या भिंतीला मंडपाचं जाड कापड किंवा सतरंज्या टांगा. याने जो फरक पडतो तो महाग अॅम्प्लिफायरने पडत नाही. जनित्र भिंतीच्या आड, जमेल तितकं लांब. आणि कूलर हा खान्देशातला मोठा शत्रू आहे: मे महिन्यात तो लागतोच, पण त्याच्या घरघरीत श्रवणयंत्र लावलेल्याला दुसरं काहीच ऐकू येत नाही, कारण यंत्र घरघरही तेवढीच मोठी करतं. कूलर मागच्या बाजूला ठेवा आणि ऐकू कमी येणाऱ्यांच्या खुर्च्या पुढे, स्पीकरच्या तिरक्या रेषेत मांडा. सभा सकाळी आठला घेतली तर कूलर लागतही नाही.

बिनतारी माइक दोन हवेत, एक व्यासपीठाकडे आणि एक लोकांत फिरणारा. फिरता माइक एका ठरावीक माणसाच्या हाती द्या. त्याने बोलणाऱ्यापर्यंत जायचं. बोलणाऱ्याला पुढे बोलवायचं नाही. प्रत्येकाने आधी नाव सांगून मग बोलायचं, म्हणजे अंध माणसाला कोण बोलतंय ते कळतं आणि इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही सोपं जातं. ज्यांच्या हातात पकड नाही त्यांच्यासाठी मान वाकवता येणारा एक स्टँड, बसल्या उंचीला उतरणारा. माइकचे सेल प्रत्येक सभेला नवे घाला. स्पीकरच्या खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे तास हळू आवाजाचे असतात, हेही लक्षात ठेवा. जोडीला १५ मीटर तारेचा एक साधा माइक पिशवीत असू द्या. बिनतारी बंद पडला की सभा आरडाओरड्यावर येते आणि ऐकू कमी येणारे तिथेच गळतात.

शहरांतल्या सभागृहांत श्रवणयंत्रासाठी तारेचं वेटोळं बसवतात. ते ‘टी’ कळ असलेल्या यंत्रांनाच चालतं. गावातल्या किती जणांच्या यंत्राला ती कळ आहे हे आधी विचारा. बहुधा खर्च वाया जाईल. त्याऐवजी पर्यटकांना माहिती सांगणारे वाटाडे वापरतात तो संच बघा: एक बोलायचा माइक आणि दहा-वीस छोटे कानात लावायचे ग्राहक (रिसीव्हर). या यादीत आम्हाला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. आवाज थेट कानाशी पोचतो, कूलर आणि गर्दी मध्ये येत नाही. श्रवणयंत्र असलेल्यांसाठी कानावर बसणारे हेडफोन वेगळे घ्यावे लागतात. पूर्ण कर्णबधिरांना अर्थात याचा उपयोग नाही.

याच संचाचा दुसरा उपयोग भाषेसाठी आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची, आणि अधिकारी बोलणार कागदी मराठीत. दुसऱ्या वाहिनीवर गावातल्याच जाणकाराने हळू आवाजात पावरीत सांगत राहायचं. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा ग्रामसभेचा कायदा लागू असलेल्या गावांत, पाड्याला स्वतंत्र गाव जाहीर करून त्याची वेगळी ग्रामसभा भरवता येते. तिथे तर सभेची भाषाच पाड्याची असायला हवी आणि दुभाषा अधिकाऱ्याला द्यायला हवा. हा संच प्रत्येक ग्रामपंचायतीने घेण्याइतका लागत नाही. पंचायत समितीने दोन घ्यावेत आणि गावोगाव फिरवावेत. दोन गावांच्या सभा एकाच तारखेला येतात, तेव्हा सकाळ-दुपार अशा वेळा आधी वाटून घ्या.

बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ अॅप मराठीला चालतं आणि फुकट आहे. वाचता येणाऱ्या कर्णबधिर तरुणांसाठी चांगलं आहे. फोन भोंग्याजवळ नाही, माइकजवळ ठेवा. शक्य असेल तर कॉलरचा तारेचा माइक फोनला जोडा आणि पडदा शाळेतल्या टीव्हीवर घ्या. अडचणी दोन. सातपुड्याच्या कुशीत नेटवर्क तुटतं आणि अक्षरं थांबतात. आणि अहिराणी त्याला कळत नाही. ‘काय करी ऱ्हायना भो’ म्हटलं की पडद्यावर भलतंच काही उमटतं. ‘माले, तुले’ इथपर्यंतही ते अडखळतं. म्हणून ठराव वाचताना आणि आकडे सांगताना प्रमाण मराठी, आणि चर्चेला गावची बोली असा सरळ नियम ठेवा. लोकांनी अॅपसाठी बोली सोडावी हे मात्र मान्य नाही. त्या वेळी शेजारी बसलेल्या एखाद्याने वहीत मोठ्या अक्षरांत चार शब्दांत सार लिहून दाखवावं.

सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलवायचा तर सभा तासाच्या वर चालणार असेल तेव्हा दोघं हवेत, वीस-तीस मिनिटांनी आलटून-पालटून. जागा बोलणाऱ्याच्या शेजारी, मागे साधं कापड, तोंडावर उजेड. पाठीमागे ऊन आलं की हात दिसतात पण चेहरा दिसत नाही, आणि निम्मा अर्थ चेहऱ्यावर असतो. विषयपत्रिका दोन दिवस आधी द्या. घरकुल, वित्त आयोग, गायरान या शब्दांच्या खुणा ऐनवेळी सुचत नाहीत. मात्र आधी एक चौकशी करा. गावातला कर्णबधिर माणूस कधी विशेष शाळेत गेला नसेल, तर त्याला भारतीय सांकेतिक भाषा येतेच असं नाही. तो घरच्या खुणांवर चालतो. तिथे शहरातून आणलेल्या दुभाष्याबरोबर घरातलं एक माणूस आणि चित्रांचे कागद लागतात: नळ, रस्ता, घर, पैसे.

सूचनेवर खर्च शून्य आणि चुका सगळ्यात जास्त. विषयपत्रिका व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकली की अंध माणसाच्या फोनला ती वाचून दाखवता येत नाही. मजकूर टाइप करून टाका. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफही चालत नाही. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फोन तीच बरळतो. युनिकोडमध्येच टाइप करा. शेजारी एक मिनिटाचा आवाजी संदेश अहिराणीत: दिवस, वेळ, जागा, विषय, आणि कोणाला गाडी किंवा मदत लागेल त्यांनी कोणाला फोन करायचा. फलकावरच्या कागदाला मोठी जाड अक्षरं, काळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी, आणि कागद चकाकणारा नको. फलक डोळ्यांच्या उंचीवर लावा. बसून येणाऱ्यालाही तो वाचता आला पाहिजे.

शौचालयाबद्दल कोणी बोलत नाही, पण बायकांच्या येण्याचं गणित बऱ्याचदा त्यावरच ठरतं. सोय नाही हे माहीत असलं की त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मे महिन्यात ते धोक्याचं आहे. भाड्याने मिळणारं फिरतं शौचालय चाकांवर असतं, त्याला दोन-तीन उंच पायऱ्या असतात. चाकाच्या खुर्चीला आणि गुडघेदुखीच्या आजीलाही ते बिनकामाचं. त्याऐवजी साधी कमोड खुर्ची घ्या, सपाट जमिनीवर किमान साडेसहा बाय सात फुटांचा कापडी आडोसा करा, पडद्याची उघड ३ फुटांची, आत बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर. शाळेचं शौचालय वापरणार असाल तर किल्ली आदल्या दिवशीच ताब्यात घ्या.

खुर्च्या हात असलेल्याच सांगा. बिनहातांच्या खुर्चीतून म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. गुळगुळीत फरशीवर हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फाकतात, तिथे सतरंजी अंथरा. चाकाच्या खुर्चीसाठी ९० बाय १२० सेंटिमीटरची मोकळी जागा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत मधे सोडा, कडेला नाही. बायका खाली सतरंजीवर बसत असतील तर खुर्च्यांच्या ओळी त्यांच्या मागे. पाण्याला माठ असू द्या, पण तोटीचा. ओगराळ्याने पाणी घ्यायला दोन हात लागतात.

पैशांबद्दल एक मत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी मंडप, खुर्च्या आणि स्पीकर यांत संपवू नये. स्पीकर सगळ्या गावाच्या कामाचा आहे, तो सर्वसाधारण खर्चातून यावा. ५ टक्क्यांतून काय घ्यायचं ते गावातल्या दिव्यांगांना आधी विचारून ठरवावं, आणि ती बैठकही याच मापांनी भरवावी.

हजेरीचं रजिस्टर व्यासपीठावर न ठेवता फाटकाशी टेबलावर ठेवा. जाड पुठ्ठ्याला सहीच्या रकान्याएवढी खिडकी कापा. अंध माणसाच्या बोटाला कड लागते आणि सही ओळीत येते. ज्याला सही करता येते त्याचा अंगठा घेऊ नका. मतदानाला हात वर करायला सांगितल्यावर बाजूने किती, विरोधात किती हे माइकवर मोठ्याने सांगा. ज्यांना हात उचलता येत नाही त्यांना तोंडी विचारून मोजा. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना ते पूर्ण वाचा आणि ज्यांनी प्रश्न विचारले होते त्यांच्या नावांपाशी थांबा. ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ असं एकच वाक्य तिथे असेल, तर दुरुस्ती त्याच बैठकीत लिहून घ्या.

साहित्य गोदामात कुलपाआड ठेवताना किल्ली दोघांकडे द्या. स्पीकर आणि संचाचे ग्राहक आदल्या संध्याकाळी चार्जिंगला लावा. रॅम्प पहाटे लावून एका भरलेल्या खुर्चीने वर-खाली करून बघा. लोक आल्यावर पहिली चाचणी करू नका.